बेसमेंटमधली ओल

टोरंटोच्या आसपास, ब्रॅम्प्टन-मिसिसागाकडे घर घेतलेल्या आपल्या मंडळींच्या मनात एक बेत असतोच: बेसमेंट राहण्याजोगं करून घ्यायचं. आईबाबा आले की त्यांची सोय होते, गणपतीला चार माणसं जास्त बसतात. बेत चांगला आहे. फक्त लाकूड आणि ड्रायवॉल आणण्याआधी ओलीचं काय करायचं, ते ठरवा.

काँक्रीट टणक दिसतं, पण सच्छिद्र असतं. बाहेरच्या मातीतलं पाणी ते शोषतं आणि वाफ करून आत सोडत राहतं. घर नवं असेल, तर ओतकामातलं पाणी सुकायलाच वर्ष-दोन वर्षं जातात. भिंतीला लोणा धरला असेल, पांढरी भुकटी हाताला लागत असेल, तर तिथून पाणी झिरपतंय हे नक्की.

शंका असेल तर दीड फूट लांब-रुंद प्लॅस्टिकचा तुकडा जमिनीवर ठेवून चारही कडा चिकटपट्टीने बंद करा. किमान 16 तासांनी उचला. खालचं काँक्रीट काळपट पडलं असेल किंवा प्लॅस्टिकच्या खालच्या बाजूला थेंब असतील, तर ओल जमिनीतून येते आहे. थेंब वरच्या बाजूला असतील, तर ती खोलीतल्या हवेतली आहे.

ही हवेतली ओल आपल्याला चटकन पटत नाही. कुबट वास आला की खिडक्या उघडायच्या, ही आपली सवय. इथल्या जुलैत ती नडते. बाहेर 25 अंश तापमान आणि 60 टक्के आर्द्रता असली, की 17 अंशांच्या खालच्या कुठल्याही पृष्ठभागावर दव धरतं, थंड पाण्याच्या तांब्यावर धरतं तसं. बेसमेंटची जमीन अनेकदा त्याहून गार असते. त्या दिवसांत खिडक्या बंद ठेवा, डीह्युमिडिफायर लावा आणि आर्द्रता 50 टक्क्यांच्या आत ठेवा.

आता प्लॅस्टिकबद्दल. लाकडी चौकट, तिच्यात काचतंतूंची लोकर, त्यावर सहा मिलचं प्लॅस्टिक आणि मग ड्रायवॉल, अशी सर्रास पद्धत आहे. जमिनीच्या वरच्या भिंतीला थंड प्रदेशात ती ठीक. जमिनीखाली मात्र पाणी बाहेरूनही येतं आणि प्लॅस्टिकमागे कोंडतं. लोकर भिजते, तळाची फळी काळी पडते, बुरशी धरते, आणि ड्रायवॉल काढेपर्यंत कुणाला पत्ता नसतो. माझं मत स्पष्ट आहे: दोन इंची एक्सपीएस फोमचे तक्ते थेट काँक्रीटला चिकटवा, सांधे पट्टीने बंद करा, म्हणजे घरातली उबदार हवा गार भिंतीपर्यंत पोचत नाही. मग चौकट, मग ड्रायवॉल. फोम उघडा ठेवू नका, तो पेट घेतो. तळाची फळी रसायन मुरवलेल्या लाकडाची घ्या आणि ड्रायवॉल जमिनीपासून अर्धा इंच वर ठेवा.

याच्याही आधी घराबाहेर एक फेरी मारा. भिंतीपासून दहा फुटांत सहा इंच उतार हवा आणि पन्हळीचं पाणी पायापासून लांब पडायला हवं. हे काम सगळ्यांत स्वस्त, आणि नेमकं तेच राहून जातं.

नियम गावोगावी वेगळे आहेत, म्हणून परवाना घेतानाच भिंतीची रचना दाखवून विचारा. आणि बर्फ वितळण्याचा एक मोसम भिंती कोरड्या राहिल्याचं स्वतः पाहिल्याशिवाय कंत्राटदाराला आगाऊ रक्कम देऊ नका.