इंग्रजीचा शब्दसंग्रह आणि विद्यार्थ्याचे स्वतःचे वाक्य



उच्च प्राथमिक वर्गातील विद्यार्थ्याची इंग्रजीची वही पुष्कळदा देखणी असते. अक्षर वळणदार, समास नीट सोडलेला, पाठाखालचे शब्दार्थ एकाखाली एक उतरवलेले आणि प्रत्येक पानावर तपासल्याची खूण. परंतु त्याच विद्यार्थ्याला, ‘आज शाळेत येताना वाटेत काय पाहिलेस, ते दोन इंग्रजी वाक्यांत लिही,’ असे सांगितले की लेखणी थबकते. भरलेल्या वहीत त्याचे स्वतःचे असे एकही वाक्य नसते. इंग्रजीच्या अध्यापनातील खरी अडचण येथे आहे.

महाराष्ट्रात सन २००० पासून मराठी शाळांत पहिल्या इयत्तेपासून इंग्रजी शिकवले जाते. म्हणजे सहावीत येणाऱ्या मुलाने या भाषेच्या सहवासात पाच वर्षे काढलेली असतात. शहरातील मुलाच्या कानावर शाळेबाहेरही इंग्रजी पडते. वाडीवस्तीवरील मुलाच्या वाट्याला मात्र बहुधा शाळेतील तासच येतो आणि शिकवणीचा खर्च पालकाला झेपत नाही. त्यामुळे त्या तासात दिलेला स्वाध्याय हीच त्याची सारी शिदोरी ठरते. ती अपुरी पडली, तर आठवीपर्यंत ‘इंग्रजी आपल्यासाठी नाही’ अशी त्याची समजूत होऊन बसते, आणि पुढे तंत्रशिक्षणाच्या किंवा विज्ञानाच्या दारापर्यंत जाऊनही तो मागे फिरतो.

पाठांतराने आलेले शब्द टिकत का नाहीत, याचे उत्तर जुनेच आहे. हेर्मान एबिंगहाउस या जर्मन मानसशास्त्रज्ञाने १८८५ मध्ये स्वतःवरील प्रयोगांतून दाखवून दिले, की अर्थहीन अक्षरे पाठ केल्यावर विस्मरण प्रारंभी फार वेगाने होते आणि अंतराअंतराने केलेल्या उजळणीने ते रोखता येते. मायकेल वेस्ट हे शिक्षणतज्ज्ञ त्या काळच्या बंगालमध्ये, ढाक्याच्या अध्यापक महाविद्यालयाचे प्राचार्य होते. वाचनपाठात नवे शब्द मोजकेच असावेत आणि ते पुनःपुन्हा भेटावेत, असा त्यांचा आग्रह होता. १९५३ मध्ये त्यांनी इंग्रजीतील नित्याच्या सुमारे २००० शब्दांची यादी प्रसिद्ध केली. कोणता शब्द आधी शिकवावा, याचा विचार शब्दांच्या संख्येइतकाच महत्त्वाचा आहे, हा त्यांच्या कार्याचा मथितार्थ होय.

खेड्यातील मुलाची पाटी कोरी असते, हा समजही तपासून पाहावा लागेल. पंप, ट्रॅक्टर, बँक, सोसायटी, रेशन, तिकीट, डॉक्टर असे कितीतरी शब्द त्याच्या घरात रुळलेले आहेत. या शब्दांपासून आरंभ केल्यास भीती कमी होते. मात्र त्यांतील काहींनी मराठीत येताना अर्थ बदलला आहे, याची जाणीव करून द्यावी लागते. मराठीत ‘लाइट गेली’ म्हणजे वीज गेली. इंग्रजीत ‘लाइट’ म्हणजे प्रकाश किंवा दिवा. गावात ‘स्टँड’ म्हटले की बसस्थानक समजले जाते. इंग्रजीत तेवढ्यावर भागत नाही.

दुसरी अडचण शब्दांच्या सोबतीची आहे. मराठीत दार, दिवा आणि नळ ही तिन्ही ‘बंद’ करता येतात. इंग्रजीत दाराला ‘क्लोज’, दिव्याला ‘स्विच ऑफ’ आणि नळाला ‘टर्न ऑफ’ लागते. आपण ‘मी शेतकरी आहे’, ‘मला भाऊ आहे’ आणि ‘माझ्याजवळ सायकल आहे’ ही तिन्ही वाक्ये एकाच क्रियापदाने बोलतो. इंग्रजीत पहिल्याला ‘ॲम’ आणि उरलेल्या दोहोंना ‘हॅव’ लागते. म्हणून शब्द आणि त्याचा एक मराठी अर्थ अशी जोडी देणे पुरेसे होत नाही. शब्द त्याच्या सोबत्यासह, वाक्यातच दिला पाहिजे.

या दृष्टीने आठवड्यास सहा शब्द पुरेत. ‘पाणी’ हा विषय घेतला, तर टॅप, पॉट, फिल, कॅरी, एम्प्टी आणि हेवी हे सहा शब्द निवडता येतील. पहिल्या दिवशी शिक्षकाने प्रत्यक्ष भांडे हाती घेऊन ते वापरून दाखवावेत. दुसऱ्या दिवशी पुस्तक मिटून उजळणी घ्यावी. तिसऱ्या दिवशी ‘हेवी पॉट’, ‘हेवी रेन’ अशा जोड्या जुळवाव्यात; मराठीत ‘जोराचा’ असणारा पाऊस इंग्रजीत ‘जड’ होतो, याची मुलांना गंमत वाटते आणि ती गोष्ट लक्षात राहते. चौथ्या दिवशी प्रत्येकाने आपल्या घरी पाणी कोण आणि कसे भरते, हे तीन वाक्यांत लिहावे. ‘माय सिस्टर कॅरीज द पॉट. द पॉट इज हेवी,’ एवढे लिहिणाऱ्या मुलाने ते शब्द आपलेसे केले असे समजावे. पुढील आठवड्यात आणि महिनाअखेर तेच शब्द पुन्हा विचारावेत.

लेखनाचे स्वाध्यायही पायरीपायरीने वाढवावेत. पाचवीत दिलेल्या चौकटीतील एक शब्द बदलून वाक्य करावे. सहावीत उलटसुलट वाक्यांचा क्रम लावून एक वाक्य पदरचे घालावे. सातवीत भाकरी कशी करतात, रोप कसे लावतात, यांसारखी परिचित कृती पाच वाक्यांत सांगावी. आठवीत दुसऱ्या तालुक्यातील विद्यार्थ्यास पत्र लिहावे आणि ते खरोखर टपालात टाकावे. वाचणारा कोणी आहे हे कळले, की लिहिणारा जपून लिहितो.

पन्नास विद्यार्थ्यांच्या वर्गात हे तपासायचे कसे, ही शिक्षकांची शंका रास्त आहे. दररोज दहा वह्या घ्याव्यात आणि एका वेळी एकाच प्रकारची चूक खुणेने दाखवावी, उदाहरणार्थ, या आठवड्यात केवळ क्रियापद. दुरुस्ती विद्यार्थ्याने स्वतः करून वाक्य पुन्हा लिहावे. संपूर्ण पान लाल शाईने भरल्यास मूल चुका टाळण्यासाठी लिहिणेच टाळते. फळ्यावरून उतरवलेल्या निर्दोष उताऱ्यापेक्षा दोन चुकांचे स्वतःचे वाक्य अधिक मोलाचे मानावे.

हा बदल एकट्या शिक्षकाच्या हाती नाही. शाळा तपासणीस येणाऱ्या अधिकाऱ्यांनी भरलेल्या पानांची मोजदाद न करता, कोणत्याही एका मुलाकडून एक नवे वाक्य लिहवून घ्यावे. मोजले जाते त्याकडेच शाळेचे लक्ष राहते, हा सर्वांचा अनुभव आहे. शाळा व्यवस्थापन समितीला आणि ग्रामपंचायतीला वर्गासाठी सोपी, सचित्र गोष्टींची पुस्तके देता येतील. गावातील फलकांवर मराठी मजकुराखाली छोटे इंग्रजी वाक्य लिहिण्याचे काम आठवीच्या मुलांकडे सोपवता येईल.

मातृभाषेवर ज्याची पकड घट्ट आहे, त्याला दुसरी भाषा परकी राहत नाही. गरज आहे ती थोडे शब्द, त्यांची नियमित उजळणी आणि रोज एक स्वतःचे वाक्य यांची. एवढे सातत्याने घडले, तर सातवीतील मूल वही उघडून आपल्या घराविषयी, शेताविषयी, मित्राविषयी इंग्रजीत चार ओळी निर्भयपणे लिहील. ग्रामीण विद्यार्थ्याच्या पुढील शिक्षणाची वाट त्या चार ओळींतून जाते.