हाताच्या मापाचे पिस्तूल



राज्याच्या निरनिराळ्या जिल्ह्यांतून आलेल्या तुम्ही प्रशिक्षक सहकाऱ्यांनी मला अध्यक्षपद दिले आहे. अध्यक्षांनी सरकारकडे रेंज मागायची, अनुदान मागायचे, ही आपली जुनी रीत. ते ठराव संध्याकाळी येतीलच. माझ्या वाट्याचा वेळ मी एकाच विषयाला देणार आहे. जिने आयुष्यात कधी पिस्तूल धरलेले नाही, अशा बाईच्या हातात ते पहिल्यांदा कसे द्यायचे?

२८ जुलै २०२४ रोजी पॅरिसमध्ये मनू भाकरने १० मीटर एअर पिस्तूलमध्ये कांस्यपदक मिळवले. ऑलिंपिक नेमबाजीत पदक मिळवणारी ती पहिली भारतीय महिला. तेव्हापासून रेंजवर मुली येतातच, त्यांना सोडायला आलेल्या आयाही काचेपलीकडून बघत उभ्या राहतात आणि हळूच विचारतात, ‘आम्हाला जमेल का हो?’ पण महाराष्ट्रात महिला नेमबाजांची नावे विचारली, तर लोकांच्या ओठांवर आधी अंजली भागवत, सुमा शिरूर, तेजस्विनी सावंत येतात. तिघीही रायफलच्या. पिस्तुलात तितक्याच सहज घेतले जाणारे नाव कोल्हापूरच्या राही सरनोबतचे. २०१८ च्या आशियाई स्पर्धेत २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकून, या स्पर्धेत नेमबाजीचे वैयक्तिक सुवर्ण मिळवणारी ती पहिली भारतीय महिला ठरली. मग पिस्तुलाकडे आलेल्या बाकीच्या मुली गेल्या कुठे? आपल्यातलेच कितीतरी जण नव्या मुलीला दोन दिवस बघतात आणि सांगून टाकतात, ‘मनगट नाजूक आहे, हात थरथरतो, रायफलला टाका.’

माझे मत स्पष्ट आहे. दोष बहुतेक वेळा मनगटाचा नसतो, ग्रिपचा असतो.

क्लबच्या कपाटातले पिस्तूल आठवा. बहुधा एकच, उजव्या हाताचे, मीडियम नाहीतर लार्ज ग्रिपचे. आखूड बोटांची बाई ते धरते. ट्रिगरपर्यंत बोट पोचत नाही, म्हणून ती पंजा ग्रिपभोवती फिरवून घेते. नळी आणि कोपरापासूनचा हात आता एका रेषेत राहिले नाहीत. सगळा भार अंगठ्याच्या बुडाशी येतो. ट्रिगरला बोटाचे जेमतेम टोक टेकते, त्यामुळे ट्रिगर सरळ मागे न येता बाजूला ढकलला जातो आणि छर्रे डावीकडे जातात. दहाचे वर्तुळ अवघे ११.५ मिलिमीटर व्यासाचे, तिथे एवढेसे ढकललेलेही पुरते. मागून आपण ओरडतो, ‘झटका मारू नका!’ बाई बिचारी झटका मारतच नसते. एअर पिस्तूलच्या ट्रिगरला किमान ५०० ग्रॅम दाब लागतो, त्यासाठी पैलवानाचे बोट नको. स्मॉल ग्रिप लावा, ट्रिगर रुळावर दोन-चार मिलिमीटर मागे घ्या, कानस घेऊन लाकूड घासा, खोलगट जागी लाकडाची पुट्टी भरा. हे काम तासाभराचे आहे. अनुभवी नेमबाज स्वतःच्या ग्रिपवर वर्षानुवर्षे असली कारागिरी करत असतो, मग नवशिकीलाच ती का मिळू नये?

याच्या उलट टोकाची समजूतही तितकीच घातक. बाई म्हटली की लहान, हलके हत्यार द्यायचे. २०१४ मध्ये कानपूरच्या आयुध निर्माणीने खास महिलांसाठी म्हणून ‘निर्भीक’ नावाचे .३२ बोअरचे रिव्हॉल्व्हर बाजारात आणले. वजन अर्ध्या किलोच्या आसपास, तेव्हाची किंमत सव्वा लाखाच्या घरात आणि सोबत दागिन्यांसारखी मरून पेटी. पेटीचे सोडा, पण वजनाचा हिशेब बघा. काडतूस तेच ठेवून हत्यार हलके केले की धक्का वाढतो, हे शाळेतले भौतिकशास्त्र आहे. पर्समध्ये मावणारे हत्यार चालवायला सर्वांत अवघड असते. नवख्या बाईने पहिली गोळी त्यातून झाडली, तर ती पुढच्या वेळी ट्रिगर दाबण्याआधीच डोळे मिटेल, आणि एकदा जडलेली ही सवय सुटता सुटत नाही. मोबाइलवर फिरणाऱ्या चित्रफिती तुम्ही पाहिल्या असतील. बायकोच्या हातात मोठ्या बोअरचे पिस्तूल, ते उसळून तिच्या कपाळाकडे जाते आणि मागे हशा पिकतो. असा माणूस माझ्या रेंजवर आला, तर मी त्याला गेटबाहेर काढीन.

आपले नशीब चांगले, आपल्याकडे सुरुवात एअर पिस्तूलनेच होते. बार नाही, धक्का जवळपास नाही. तरी पहिल्या दिवशी मी छर्राही देत नाही. नळीत सेफ्टी फ्लॅगची रंगीत दोरी, बोट ट्रिगरच्या बाहेर, नळीचे तोंड कायम टार्गेटकडे. हे तीन नियम तिने मला म्हणून दाखवायचे. मग दोन्ही हातांच्या पंजांनी छोटा त्रिकोण करायला लावून मास्टर आय, म्हणजे नेम धरताना पुढाकार घेणारा डोळा, कोणता ते बघायचे, कारण उजव्या हाताच्या आणि डाव्या डोळ्याच्या बायका आपल्याला वाटतात त्यापेक्षा बऱ्याच निघतात. त्यानंतर समोर काळा गोल नसलेला कोरा कागद आणि ड्राय फायर, म्हणजे छर्रा न भरता ट्रिगर दाबण्याचा सराव.

लेकीला घेऊन येणाऱ्या एका बाईंना मी असेच बाकावरून उठवून उभे केले होते. पोस्टात नोकरी, वय चाळिशीपुढे. दोन मिनिटांत म्हणाल्या, ‘मॅडम, पुढची साइट हलतेय.’ म्हटले, माझीही हलते, ऑलिंपिकवाल्यांचीही हलते. ती थांबेल म्हणून वाट बघू नका, हलू द्या आणि ट्रिगर हळूहळू मागे घ्या. खट्कन आवाज झाला, आणि त्या क्षणी साइट जागची ढळली नव्हती. बाईंनी माझ्याकडे वळून पाहिले, पण नळी टार्गेटकडेच ठेवून. त्याच वेळी मला कळले, की या टिकणार. वयाचे म्हणाल, तर जॉर्जियाच्या निनो सालुक्वाद्झे यांनी १९८८ मध्ये सोलला २५ मीटर पिस्तूलचे सुवर्ण जिंकले आणि २०२४ मध्ये पॅरिसला, वयाच्या ५५ व्या वर्षी, त्या स्वतःच्या दहाव्या ऑलिंपिकमध्ये उतरल्या.

.२२ च्या पिस्तुलाकडे जाताना कपड्यांबद्दल बोलायला लाजू नका. गरम पुंगळी उजवीकडे उडते आणि शेजारच्या लेनवरच्या बाईच्या गळ्यात पडू शकते. पोळले की माणूस दचकून वळतो, हातातल्या पिस्तुलासकट वळतो. म्हणून बंद गळ्याचा टी-शर्ट आणि कॅप हवी. ओढणी बाहेर, मंगळसूत्र आत. कानात प्लग आणि वरून मफ. पहिल्या दिवशी मॅगझिनमध्ये एकच काडतूस. आणि शिसे! छर्रे शिशाचे, गोळीही शिशाची. रेंजवर खायचे नाही, निघताना हात साबणाने धुवायचे, हे सगळ्यांनाच लागू. पण गरोदर बाईने किंवा अंगावर पाजणाऱ्या आईने डॉक्टरांना विचारल्याशिवाय रेंजवर येऊ नये, हे तोंड उघडून सांगणे आपले काम आहे. पुरुष प्रशिक्षक संकोचतात आणि विषय तसाच राहून जातो.

संकोच नको तिथे असतो आणि हवा तिथे नसतो. खांदा सरळ करायला हात लावण्याआधी विचारा. बहुतेक वेळा स्वतः उभे राहून दाखवले तरी भागते. नवरा, भाऊ किंवा वडील सोबत असतील, तर पहिले चार दिवस त्यांना चहाला पाठवा. घरचा माणूस मागे उभा राहिला, की तिचे लक्ष साइटवरून उडून त्याच्या चेहऱ्याकडे जाते.

बाईला वेगळे माप लावण्याची रीत नियमांतही होती: २०१७ अखेरपर्यंत एअर पिस्तूलमध्ये पुरुषांना ६० आणि महिलांना ४० शॉट असत. आता दोघांना ६० शॉट आणि ७५ मिनिटे. आंतरराष्ट्रीय नेमबाजी संघटनेने नियम बदलला, आपली कपाटे मात्र तीच राहिली.

तेव्हा संध्याकाळच्या ठरावांत माझाही एक ठराव जोडा. प्रत्येक जिल्ह्याच्या क्लबने या मोसमात एक उजवी आणि एक डावी, अशा दोन स्मॉल ग्रिप घ्याव्यात. नव्या पिस्तुलाच्या तुलनेत हा खर्च फारच थोडा आहे. पैशांची अडचण असेल त्या क्लबने मला भेटावे, माझ्याकडच्या दोन मी आजच द्यायला तयार आहे. आणि ‘रायफलला टाका’ म्हणण्याआधी त्या मुलीला महिनाभर तिच्या मापाच्या ग्रिपवर शिकवून बघा, एवढी माझी विनंती आहे.