चंचलतेचें निदान

हदगावसारख्या तालुक्याच्या गांवीं नववी-दहावींतील एखाद्या मुलाचें अभ्यासांत लक्ष लागेनासें झालें, म्हणजे निकाल तत्काळ लागतो. शिक्षक म्हणतात उनाड, वडील म्हणतात आळशी. आणि अलीकडे एखादा शहाणा मोबाइलवर चार प्रश्नांचीं उत्तरें देऊन ‘एडीएचडी’ असेंही सांगतो. तिन्ही निकाल सारखेच उतावळे होत.

अवधानाची न्यूनता व अतिचंचलता हा मेंदूच्या वाढीशीं निगडित असा विकार आहे. रक्ताच्या तपासणींत किंवा मेंदूच्या छायाचित्रांत तो सांपडत नाहीं; त्याचें निदान मुलाच्या पूर्वेतिहासावरून करावें लागतें. अमेरिकेंतील मनोविकारतज्ज्ञांच्या संस्थेनें २०१३ सालीं प्रसिद्ध केलेल्या कसोटीप्रमाणें अनेक लक्षणें वयाच्या बाराव्या वर्षापूर्वींच दिसलेलीं असावीं लागतात. तीं निदान सहा महिने टिकावीं लागतात, आणि घर व शाळा अशा दोन तरी ठिकाणीं आढळावीं लागतात.

अडचण येते ती येथेंच. सातवीपर्यंत खेड्यांतील जिल्हा परिषदेच्या शाळेंत शिकलेलें मूल पुढें एस. टी.नें हदगावला येऊं लागतें. आजच्या शिक्षकांनीं त्याचें बालपण पाहिलेलें नसतें. ज्या गुरुजींनीं तें पाहिलें, त्यांना कोणी विचारीत नाहीं. पहिलींत असल्यापासूनच त्याच्या पाट्या-पेन्सिली हरवत, कीं नववींत एकाएकीं पालट झाला, हें आईला मात्र आठवतें. पहिली गोष्ट खरी असेल तर विकाराची शंका रास्त आहे. दुसरी असेल तर अपुरी झोप, रक्तक्षय, दृष्टि, श्रवण, खिन्नता, घरांतील विवंचना यांचा शोध आधीं घ्यावा. अर्थात् वाचन-लेखनाची अक्षमता व हा विकार एकाच मुलांत एकत्रही नांदतात, म्हणून एक सांपडलें कीं शोध थांबवूं नये.

वयांत आल्यावर धांवपळ पुष्कळदां ओसरते व अस्वस्थता आंत उरते. मुलींचे हाल याहून निराळे. खिडकीशीं मुकाट बसलेल्या मुलीविषयीं कोणाचीच तक्रार नसते. दहावींत ती नापास झाली कीं तिची शाळा सुटते, आणि घरचे स्थळें पाहूं लागतात.

राष्ट्रीय बाल स्वास्थ्य कार्यक्रमाचा आरंभ २०१३ सालीं महाराष्ट्रांतच, पालघर येथें झाला. त्याचीं पथकें शाळांतून अठरा वर्षांपर्यंतच्या मुलांची तपासणी करितात, व त्यांच्या यादींत हा विकारही आहे. परंतु ती केवळ प्राथमिक चाळणी होय. पुढील निदानासाठीं नांदेडजवळ विष्णुपुरी येथें डॉ. शंकरराव चव्हाण शासकीय वैद्यकीय महाविद्यालयाचें रुग्णालय आहे. १४४१६ या क्रमांकावर ‘टेलि-मानस’चा सल्लाही विनामूल्य मिळतो. जातांना पालकांनीं प्राथमिक शाळेचीं प्रगतिपत्रकें, जुन्या वह्या आणि जमल्यास त्या गुरुजींच्या हातच्या चार ओळी बरोबर न्याव्या.