प्रूस्त आणि बर्थोले यांचा वाद



मूलद्रव्य, संयुग आणि मिश्रण हे तीन कप्पे आपण शाळेत पाठ करतो. त्यांतलं मूलद्रव्य फोडून आणखी साधं काही निघत नाही. फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ लव्हाझिएनं 1789 साली अशा 33 पदार्थांची यादी छापली. तीत प्रकाश आणि उष्णताही होती, पण ते असो. खरी झटापट झाली ती उरलेल्या दोन कप्प्यांच्या बांधावर.

या झटापटीतले एक, फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ बर्थोले, 1798 साली नेपोलियनबरोबर इजिप्तला गेले होते. तिथल्या नॅट्रॉन सरोवरांच्या काठी मीठ आणि चुनखडी यांच्यापासून सोडा तयार झालेला त्यांना दिसला. प्रयोगशाळेत ही क्रिया नेमकी उलटी चालते! मीठ मुबलक असलं की क्रियेची दिशा फिरते, हे त्यांनी बरोबर ओळखलं. मात्र पुढं त्यांनी असंही मांडलं, की घटक जितके कमीजास्त, तितकी संयुगाची घडणही कमीजास्त.

स्पेनमध्ये काम करणारे दुसरे फ्रेंच रसायनशास्त्रज्ञ प्रूस्त यांना हे पटेना. खाणीतलं कॉपर कार्बोनेट आणि स्वतः बनवलेलं कॉपर कार्बोनेट त्यांनी तपासलं. तांब्याचं प्रमाण दोन्हींत तेच! बर्थोले दाखले देत ते मिश्रधातूंचे, काचेचे, द्रावणांचे, म्हणजे खरं तर मिश्रणांचे. आता आपलं पितळ घ्या. ओतारी जस्त थोडं कमी घालतो, भांडं तांबूस दिसतं. पण त्याला पितळच म्हणतात. शुद्ध पाण्यात ही मुभा नाही. हायड्रोजन एक ग्रॅम असेल, तर ऑक्सिजन आठच ग्रॅम लागणार.

कथिलाचं प्रकरण मला फार आवडतं. कथिल तापवताना ऑक्सिजन हळूहळू वाढत जातो, असं बर्थोलेंचं म्हणणं. प्रूस्तनी दाखवलं, की ऑक्साइडं दोनच आहेत. मधलं सगळं त्या दोघांचं मिश्रण. संयुगाच्या वेषात मिश्रण वावरत होतं, आणि ते पकडलं तराजूनं.

सात-आठ वर्षं चाललेला हा वाद दोघांनीही सभ्यपणे घातला. संयुगात अणू ठरावीक संख्येतच जुळतात, असं सांगणारा डाल्टनचा अणुसिद्धान्त आल्यावर प्रूस्तचं पारडं कायमचं जड झालं. कायमचं म्हणजे, जवळजवळ. विसाव्या शतकात अशी काही खरीखुरी संयुगं सापडली, ज्यांतलं प्रमाण थोडं हलतं. लोखंडाच्या एका ऑक्साइडात लोखंडाचे अणू ऑक्सिजनपेक्षा नेहमी थोडे कमीच भरतात. रशियन रसायनशास्त्रज्ञ कुर्नाकोव यांनी अशा संयुगांना बर्थोलाइड म्हटलं.