कॅमेरा निवडताना
(कार्यकर्त्यांच्या छायाचित्रण शिबिरातलं भाषण, थोडं संपादित करून)



काल रात्री जेवणं झाल्यावर दोघी-तिघींनी मला गाठून विचारलं, "ताई, प्रत्येकीच्या हातात फोन आहे, त्यात हजार फोटो मावतात. मग हा रोलचा कॅमेरा कशाला, आणि तोही एवढा धोंडा?" प्रश्न रास्त आहे. उत्तरादाखल आधी आमचीच एक चूक सांगते.

२०१९ साली आमच्या एका बैठकीला सासर सोडून आलेली एक बाई बसली होती. आमच्याच एका कार्यकर्तीने हौसेने बैठकीचा फोटो काढला आणि ग्रुपवर टाकला. मागे शाळेची पाटी होती, गावाचं नाव ठसठशीत. संध्याकाळपर्यंत फोटो तिच्या नवऱ्यापर्यंत पोचला. रात्री अकरा वाजता आम्ही तिला आणि तिच्या दोन मुलांना जीपमध्ये घालून दुसरीकडे नेलं. फोटो काढणारी मुलगी कितीतरी दिवस नीट जेवली नाही. पण एकट्या तिला बोल लावून काय होणार? आमच्यापैकी कुणीही तेच केलं असतं. फोनवर फोटो काढणं आणि तो दुसऱ्याला पाठवणं यात श्वास घ्यायलाही जागा नसते.

त्यानंतर आम्ही ठरवलं, की बायकांच्या मुलाखतींबरोबर जे फोटो काढून जपून ठेवायचे, ते फिल्मवर काढायचे. निगेटिव्ह एकच असते, ती कपाटात राहते, आणि कपाटाची किल्ली कोणाकडे हे आपण ठरवतो. आता कुणी म्हणेल, छापलेल्या फोटोचाही फोनवर फोटो काढता येतो. येतो ना. म्हणून प्रिंट फक्त त्या बाईच्या हातात द्यायची.

एक मात्र बजावते. मारहाणीच्या खुणांसाठी हा कॅमेरा नाही. तिथे रंग लागतो, तारीख लागते, फोटो लगेच हातात लागतो. डॉक्टरकडची नोंद तर आधी लागते. मोर्चालाही फोनच बरा.

मग कॅमेरा कोणता? पैसे एकाच कॅमेऱ्याचे होते, तेही वर्षभर साठवलेले. दुकानदाराने आधी सांगितलं, "मॅडम, हे तुम्हाला झेपायचं नाही," आणि लगेच दुकानातला सगळ्यात जड आणि महाग कॅमेरा पुढे ठेवला!

१२० नंबरचा रोल कोडॅकने १९०१ साली आणला, तो आजही बनतो. साधारण सहा सेंटिमीटर रुंद. चौकोनी निगेटिव्ह नेहमीच्या ३५ मिलिमीटरच्या निगेटिव्हपेक्षा साडेतीन पट मोठी. त्यामुळे हाताच्या भेगा, गोंदण, लुगड्याचा पोत सगळं उमटतं. एका रोलवर चौकोनी फोटो १२ येतात. सहा बाय साडेचारच्या कॅमेऱ्यात १५-१६, सहा बाय सातच्यात १०. बाराच फोटो म्हटल्यावर प्रत्येक वेळी थांबावं लागतं, "काढू का?" म्हणून विचारावं लागतं. आम्हाला हवं होतं ते हेच.

सहा बाय सातचा ममिया आरबी ६७ स्टुडिओत उत्तम. पण भिंग आणि पाठीमागची पेटी धरून वजन अडीच किलोच्या वर. तो घेऊन एसटीतून उतरून तीन किलोमीटर चालून बघा. पेन्टॅक्स ६७ आतला आरसा उचलताना असा खटका करतो, की अंगणातली कोंबडी उडावी. हॅसलब्लाड सुरेख यंत्र आहे, दयानिता सिंग यांनी त्यावर वर्षानुवर्षं काम केलं. पण त्याच्या दर भिंगात वेगळं शटर असतं, आणि किंमत आपल्यासारख्यांनी नुसती ऐकावी.

आम्ही घेतला दोन भिंगांचा, याशिका मॅट १२४ जी. १९७० ते १९८६ या काळात हे मॉडेल निघालं, म्हणजे आज मिळेल तो जुनाच. वजन किलोभराच्या थोडं वर. वरच्या भिंगातून बघायचं, खालच्यातून फोटो. आरसा हलत नाही, शटर भिंगातच असतं, त्यामुळे आवाज सुपारी फुटावी एवढासुद्धा नाही. रोलायफ्लेक्स याच जातीचा, त्याहून महाग. होमाई व्यारावाला यांच्याकडे तो होता. जन्म १९१३चा, मुंबईच्या जे. जे. स्कूल ऑफ आर्टमध्ये शिक्षण. सुरुवातीचे त्यांचे फोटो नवऱ्याच्या नावाने छापले गेले. पुढे त्या दिल्लीत साडी नेसून, सायकलवर सामान लादून फिरल्या. आपल्याला झेपायचं नाही म्हणणाऱ्यांनी एवढं लक्षात ठेवावं.

या कॅमेऱ्याची माझ्या दृष्टीने मोठी गोष्ट वेगळीच आहे. तो पोटाशी धरून खाली मान घालून बघायचं असतं. डोळ्यावर काही नसतं. चौकट जुळली की मान वर करायची, तिच्याकडे बघत बोलत राहायचं आणि बोटाने शटर दाबायचं. तिला माझं तोंड दिसतं. ती उंबऱ्यावर बसली असेल तर मलाही खाली बसावं लागतं.

आणि काच सगळ्यांना दाखवता येते. एका गावात एका आजीने वाकून बघितलं आणि ओरडली, "अगं बया, सुनेचा पदर उजव्या खांद्यावर!" काचेवर डाव्याचं उजवं दिसतं, त्याचा हा गोंधळ. मग तिनेच चौकट ठरवायला घेतली. "इकडं सर," म्हणायची आणि सून काचेत भलतीकडेच जायची. अर्धा तास हसण्यात गेला. एकच फोटो निघाला, पण तो आजीने काढला.

आता उणिवा. फार जवळ जाता येत नाही, साधारण एक मीटरचं अंतर ठेवावं लागतं. वरचं भिंग आणि खालचं भिंग यांच्यात फरक असल्याने जवळच्या फोटोत डोकं कापलं जाऊ शकतं, थोडी जागा वर सोडा. यातल्या लाइट मीटरला लागणारी पाऱ्याची बॅटरी आता बनत नाही, तेव्हा त्याच्यावर विसंबू नका. ४०० च्या फिल्मला कडक उन्हात एफ १६ आणि सेकंदाचा पाचशेवा भाग, ओसरीच्या सावलीत एफ ५.६ आणि अडीचशेवा भाग. हे पाठ करा, पाढ्यांसारखं.

जुना कॅमेरा घेताना मागचं झाकण उघडा, शटर उघडं ठेवून भिंगातून टॉर्च मारा. कोळ्याच्या जाळ्यासारखं दिसलं तर बुरशी आहे. कोकणातून, मुंबईतून आलेल्या कॅमेऱ्यात हमखास. मग एक सेकंदाचं शटर दाबून कान द्या. अडखळलं तर आत तेल सुकलंय. आणि घेण्याआधी दुरुस्ती करणारा माणूस शोधून ठेवा, असे कारागीर आता थोडे उरलेत. पावसाळ्यात कॅमेरा कातडी पिशवीत ठेवू नका, घट्ट झाकणाच्या डब्यात सिलिका जेलच्या पुड्यांबरोबर ठेवा.

रोल बाहेर धुवायला टाकला की गुप्तता गेलीच. म्हणून कृष्णधवल रोल वापरायचा आणि आपणच धुवायचा. काळी पिशवी, एक टाकी, दोन रसायनं. पाणी २० अंशावर हवं. मे महिन्यात मराठवाड्यात नळालाच गरम पाणी येतं, तेव्हा शेजारणीच्या फ्रीजमधला बर्फ मागून आणायचा. शेजारीण विचारते, तिला खरं सांगायचं.

तर दुपारच्या चहानंतर रोल भरायला बसू. वाया गेलेला एक जुना रोल मी आणलाय. प्रत्येकीने आधी उजेडात भरायचा, मग डोळे मिटून. ज्यांच्या हातात काचेच्या बांगड्या असतील त्यांनी त्या तेवढ्यापुरत्या वर सारा, पिशवीच्या बाहीला अडकतात.