संगणक संस्थेच्या निवडणुकीला उभे राहा
(शेलार येथील विद्यार्थी मेळाव्यात केलेल्या भाषणाचा संपादित मजकूर)



आपल्या शेलारमध्ये, नव्हे साऱ्या भिवंडीत, माणूस यंत्रमागाचा खडखडाट ऐकतच मोठा होतो. म्हणून संगणक आपल्याला परका वाटण्याचे कारण नाही. फ्रान्समधील जॅकार्ड यांनी १८०४ च्या सुमारास छिद्रे पाडलेल्या पत्त्यांवरून नक्षी विणणारे यंत्र मागाला जोडले. पुढे इंग्लंडच्या चार्ल्स बॅबेज यांनी आपल्या गणनयंत्राच्या आराखड्यात तेच पत्ते घेतले. नात्याने माग हा संगणकाचा थोरला भाऊच म्हणायचा!

आज वस्तीतील मुले-मुली संगणक अभियंता होतात, नोकरीला लागतात, याचा आनंद आहे. पण या व्यवसायाच्या संस्था कोण चालवतो, याची आपण चौकशी करीत नाही. सभासद झालो, प्रमाणपत्र मिळाले, बायोडाटात एक ओळ वाढली, की आपले काम संपते.

कॉम्प्युटर सोसायटी ऑफ इंडिया ही आपल्या देशातील या क्षेत्राची जुनी संस्था. ती १९६५ साली स्थापन झाली. पहिले अध्यक्ष प्रा. आर. नरसिंहन. मुंबईच्या टाटा मूलभूत संशोधन संस्थेत ‘टिफ्रॅक’ हा संगणक ज्यांनी उभा केला, त्या गटाचे ते प्रमुख होते. पुढे फकीरचंद कोहली यांनीही हे पद सांभाळले. कोहली मूळचे विद्युत अभियंते. टाटांच्या वीज कंपनीतून ते टीसीएसमध्ये आले. उतारवयात त्यांनी संगणकाच्या साहाय्याने निरक्षर प्रौढांना वाचायला शिकविण्याचे काम हाती घेतले. अशा पदावरच्या माणसाचे लक्ष कुठे आहे, याला किती महत्त्व असते ते यावरून ध्यानात घ्या.

कारण चर्चासत्र कोठे भरवायचे, व्याख्यानाला कोणाला बोलवायचे, विद्यार्थी शाखा कोणत्या महाविद्यालयात काढायची, हे पदाधिकारीच ठरवतात. मुंबईच्या हॉटेलात भरणाऱ्या सत्राची प्रवेश फी आणि जाण्यायेण्याचे भाडे शेलारच्या मुलाला परवडते का, हा प्रश्न त्या बैठकीत विचारणारा कोणीतरी हवा ना?

परवा एका मुलीने मला विचारले, “सर, आमचे आडनाव वाचून कोण मत देणार?” प्रश्न खोटा नाही. आडनाव वाचले जाते, गटही असतात. पण मतदार तुम्हाला ओळखत असेल तर आडनावाआधी त्याला तुमचे काम आठवते. म्हणून आधी दोन-तीन वर्षे शाखेचे काम करा. सभेचे इतिवृत्त लिहा, हिशेब तपासा, कार्यशाळेत शिकवा. हिशेब लिहिणारा माणूस सर्वांनाच हवा असतो, हा माझा अनुभव आहे.

निवडणूक आपल्याला नवी नाही. २५ नोव्हेंबर १९४९ रोजी संविधान सभेत बाबासाहेबांनी सांगितले होते की ठराव, गणपूर्ती, मतमोजणी यांचे नियम बौद्ध भिक्षू संघाला ठाऊक होते. संघात मतासाठी शलाका वापरीत. आणि स्वतः बाबासाहेब १९५२ साली उत्तर मुंबईतून लोकसभेला हरले, तरी १९५४ साली भंडाऱ्यातून पुन्हा उभे राहिले. तेथेही हार झाली. एका शाखेच्या समितीत पडलो तर आपले काय जाणार आहे?

मुलींना एक नाव सांगतो. अमेरिकेत १९४७ साली स्थापन झालेल्या एसीएम या संगणक संस्थेच्या अध्यक्षपदी १९७४ साली जीन सॅमेट आल्या. त्या पदावरील त्या पहिल्या महिला. ‘कोबोल’ या संगणक भाषेच्या घडणीत त्यांचा वाटा होता. त्या संस्थेत नामनिर्देशन समिती उमेदवार सुचवते, पण सभासदांच्या सह्या गोळा करूनही उमेदवारी करता येते. सह्या मिळवायच्या तर दारोदार जावे लागते, आणि ते तर आपल्या लोकांना चांगले जमते!

उभे राहण्यापूर्वी संस्थेची घटना शांतपणे वाचा. सभासदत्वाचा प्रकार पाहा. विद्यार्थी म्हणून घेतलेले कार्ड मतदानाला चालेलच असे नाही. वर्गणी वेळेवर भरा. सूचक, अनुमोदक आधीच गाठा. शेवटच्या दिवशी धावाधाव नको. निवेदन एका पानाचे पुरे. त्यात स्वतःची स्तुती कमी आणि काय करणार ते जास्त असावे.

ज्यांना सभासद व्हायचे आहे त्यांनी कार्यक्रमानंतर मला भेटावे. आणि त्या मुलीला सांगतो, निवेदन आधी मराठीत लिहून आण बाळ, इंग्रजी आपण बसून करू.