शेजारच्या निरोपाला परदेशवारी

एकाच इमारतीत दोन ऑफिसे आहेत. खालच्या ऑफिसात एका कंपनीचे इंटरनेट, वरच्या ऑफिसात दुसरीचे. खालून वर एक फाइल पाठवली, तर ती फार तर गावातल्या गावात फिरून वर पोचेल, असे आपल्याला वाटते. पण या दोन कंपन्यांची जाळी देशात कुठेच एकमेकांना जोडलेली नसतील, तर ती फाइल परदेशातल्या एखाद्या मोठ्या कंपनीच्या जाळ्यात जाते आणि तिथून आपल्या गावात परत येते. या फेरीचे भाडे दोन्ही कंपन्या भरतात. शेवटी ते ग्राहकाच्या बिलात उतरते.

केनियात २००० सालापर्यंत नेमके असेच चालले होते. पूर्व आफ्रिकेच्या त्या किनाऱ्याला तेव्हा समुद्राखालची केबल पोचलेली नव्हती. परदेशाशी संपर्क उपग्रहामार्फत, आणि तो उपग्रह सुमारे ३६,००० किलोमीटर उंचावर! नैरोबीतल्या नैरोबीत पाठवलेला निरोपही उपग्रहावरून परदेशी उतरायचा आणि उपग्रहावरूनच परत यायचा. जायला अर्धा सेकंद, उत्तर यायला आणखी अर्धा. एका सेकंदाचे ते काय, असे तुम्ही म्हणाल. पण वेबसाइटचे एक पान उघडायचे, तर असे अनेक सवाल-जवाब एकामागून एक व्हावे लागतात.

यावरचा उपाय म्हणजे स्थानिक इंटरनेट एक्स्चेंज. बँकांचे क्लिअरिंग हाऊस आपल्याला माहीत आहे. बँका एकमेकींच्या स्पर्धक, पण धनादेशांची देवाणघेवाण एका ठिकाणी बसून करीत. एक्स्चेंजही तसेच. एक खोली, खात्रीची वीज आणि एक स्विच. प्रत्येक कंपनीने आपली तार तिथवर आणायची आणि गावातला माल गावातच एकमेकांच्या हवाली करायचा.

केनियातल्या इंटरनेट कंपन्यांनी नोव्हेंबर २००० मध्ये नैरोबीत असे केंद्र उघडले. परदेशी वाहतुकीची मक्तेदारी तेव्हा टेल्कॉम केनियाकडे होती. तिने तक्रार केली की, हे आमच्या हक्कावर अतिक्रमण आहे. दोनच आठवड्यांत नियामक आयोगाने केंद्र बेकायदा ठरवून बंद करायला लावले. आम्ही कोणाला काही विकत नाही, आपापसात देवाणघेवाण करतो, असे कंपन्यांचे म्हणणे होते. वर्षभर हा वाद चालला. अखेर परवाना मिळाला आणि फेब्रुवारी २००२ मध्ये केंद्र पुन्हा सुरू झाले. तेव्हा जोडलेल्या कंपन्या होत्या अवघ्या पाच.

पुढे काय झाले, ते आकडेच सांगतात. इंटरनेट सोसायटी या संस्थेने २०१२ मध्ये पाहणी प्रसिद्ध केली. ज्या देवाणघेवाणीला पूर्वी २०० ते ६०० मिलिसेकंद लागत, ती २ ते १० मिलिसेकंदांत होऊ लागली होती. परदेशी जोडणीवरचा कंपन्यांचा खर्च वर्षाला सुमारे १५ लाख डॉलरनी वाचत होता. कर गोळा करणारे सरकारी खातेही केंद्राला जोडले गेले होते. त्या सुमारास देशातली ३० टक्के वाहतूक स्थानिक होती. २०२० पर्यंत ती ७० टक्क्यांवर गेली.

मला यात पैशांच्या बचतीइतकीच दुसरी एक गोष्ट महत्त्वाची वाटते. गावातला मार्ग जवळचा झाला, की आपली वेबसाइट परदेशातल्या सर्व्हरवर ठेवण्याचे कारण उरत नाही. मग गावात सर्व्हर ठेवणारे उभे राहतात, त्यांच्याकडे तंत्रज्ञांना काम मिळते. मोठ्या परदेशी कंपन्याही आपले साठे तिथे आणून ठेवतात, कारण एका तारेने सगळे ग्राहक मिळतात. शिवाय समुद्रातली केबल तुटली, तरी गावातला व्यवहार थांबत नाही.

आपल्याकडे याच गरजेतून २००३ मध्ये नॅशनल इंटरनेट एक्स्चेंज ऑफ इंडिया, म्हणजे निक्सी, ही ना-नफा कंपनी स्थापन झाली. तिच्या पहिल्या चार केंद्रांत मुंबई होती. पण केंद्र असून भागत नाही. कोल्हापूरच्या दोन कंपन्यांची गाठ मुंबईतच पडत असेल, तर शेजारच्या दुकानाला पाठवलेले बिलही मुंबईला जाऊनच येणार. नैरोबीला जे परदेशाचे अंतर होते, तेच लहान प्रमाणात जिल्ह्याला मुंबईचे आहे.

स्विच विकत मिळतो. स्पर्धकांनी एका खोलीत येण्याची तयारी मात्र विकत मिळत नाही, आणि ग्राहकाने विचारल्याशिवाय ती सहसा होतही नाही. तेव्हा व्यापारी संघटनांनी, शाळा-महाविद्यालयांनी, सहकारी बँकांनी नवी जोडणी घेताना वेगाबरोबर आणखी एक प्रश्न विचारावा : तुमचे जाळे कोणत्या एक्स्चेंजला जोडलेले आहे, आणि ते इथून किती लांब आहे?